‘सरफेस अँटिजेन निगेटिव्ह’: एवढ्यावर रिटुक्सिमॅब सुरू करावं का?

औदुंबर (धागाकर्ता)

प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधीच्या कागदांत हिपॅटायटिस बी समोर बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: सरफेस अँटिजेन (विषाणूच्या आवरणातलं प्रथिन) निगेटिव्ह. तिच्यावर बरोबरची खूण होते आणि पहिलं सलाइन लागतं. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यावर निर्धास्त होणं चूक आहे. प्रतिकारशक्तीच्या बी पेशी संपवणाऱ्या रिटुक्सिमॅबसारख्या औषधाच्या बाबतीत तर ही चूक जिवावर बेतते.

कारण या विषाणूच्या मुक्काम ठोकण्याच्या पद्धतीत आहे. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो आपला जेमतेम ३,२०० अक्षरांचा डीएनए पेशीच्या केंद्रकात नेतो आणि तिथे त्याचं बंद वर्तुळ करून ठेवतो. त्याला सीसीसी डीएनए म्हणतात. पुढे कावीळ बरी होते, सरफेस अँटिजेन रक्तातून नाहीसा होतो, त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी तयार होते आणि माणूस तीस-चाळीस वर्षं ठणठणीत राहतो. काही पेशींतली ती वर्तुळं मात्र तशीच पडून असतात. टी पेशी आणि बी पेशी मिळून त्यांना रोज दाबून ठेवत असतात. औषधाने हा पहारा उठवला की राखेखालचा निखारा पुन्हा धुमसायला लागतो, म्हणजेच विषाणू उचल खातो.

आणि ‘मला कधी कावीळ झालीच नव्हती’ या उत्तरावर विसंबता येत नाही. लहानपणी झालेला संसर्ग बहुधा कुठलीही लक्षणं न दाखवता येतो.

म्हणून पहिल्या डोसआधी तीन तपासण्या हव्यात: सरफेस अँटिजेन, एकूण कोअर अँटीबॉडी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची, संसर्ग कधीतरी झाल्याची खूण) आणि सरफेस अँटीबॉडी. माझे प्रश्न दोन:

१. या तिन्ही सरसकट सगळ्यांना कराव्यात का?
२. ज्यांची फक्त कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह निघते, त्या सगळ्यांना संरक्षक गोळी (विषाणूला दाबणारी, एन्टेकाव्हिरसारखी) द्यावी, की नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल?

---

सायली_ग

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर निःसंदिग्ध ‘हो’. पण लॅबच्या बाजूने पाहिलं तर नुसतं ‘कोअर अँटीबॉडी करा’ म्हणून भागत नाही. नेमकं काय मागवलं जातं यावर सगळं अवलंबून आहे.

सगळ्यात जास्त आढळणारी गफलत म्हणजे ‘कोअर आयजीएम’ मागवणं. आयजीएम हा अँटीबॉडीचा प्रकार नव्या संसर्गात वाढतो आणि काही महिन्यांत उतरतो. जुना, दबलेला संसर्ग त्यात दिसतच नाही. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे खूश होतात. फॉर्मवर ‘टोटल’ किंवा ‘आयजीजी’ हा शब्द असायलाच हवा.

दुसरं म्हणजे सरफेस अँटिजेनची कार्ड टेस्ट. घाईच्या शस्त्रक्रियेआधी ठीक, पण तिची संवेदनशीलता मशीनवरच्या तपासणीइतकी नाही. कमी प्रमाणातला अँटिजेन तिच्या नजरेतून सुटतो. या कामासाठी एलायझा किंवा केमिल्युमिनेसन्सच हवं.

तिसरं, इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन लागलं असेल तर दात्यांच्या अँटीबॉडी रुग्णाच्या रक्तात येतात आणि कोअर खोटी पॉझिटिव्ह दिसते. आयजीजीचं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे, म्हणजे हा परिणाम काही महिने टिकू शकतो. रक्ताचा नमुना त्या सलाइनच्या आधी घ्या.

चौथं, हिपॅटायटिस बीची लस नुकतीच टोचली असेल तर लसीतलाच अँटिजेन काही दिवस रक्तात सापडतो. लसीनंतर निदान तीन आठवडे सरफेस अँटिजेन तपासू नये.

---

कंदील

+१. आयजीएमचा मुद्दा ठळक अक्षरांत हवा. ‘उचल खाल्ली’ असं नक्की किती आकड्याला म्हणायचं, हेही कोणी लिहाल का?

---

मृदगंध

आकड्यांकडे येऊच. त्याआधी तीन रिपोर्ट एकत्र कसे वाचायचे ते मांडतो, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे.

तिन्ही निगेटिव्ह: विषाणूशी कधी गाठ पडलेली नाही आणि लसीचं संरक्षणही नाही. यांना लस द्यायची.
फक्त सरफेस अँटीबॉडी पॉझिटिव्ह: लसीची प्रतिकारशक्ती. उचल खायला आत काही नाही.
कोअर आणि सरफेस अँटीबॉडी दोन्ही पॉझिटिव्ह, अँटिजेन निगेटिव्ह: संसर्ग होऊन गेला, शरीराने दाबला. निखारा आहे असं धरून चालायचं.
फक्त कोअर पॉझिटिव्ह: एकतर अँटीबॉडी काळाच्या ओघात ओसरली, किंवा रक्तात अगदी थोडा डीएनए फिरतोय, किंवा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह. इथे डीएनए तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.
अँटिजेन पॉझिटिव्ह: संसर्ग चालूच आहे. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) नॉर्मल असलं तरी धोका सर्वांत जास्त यांनाच.

शेवटच्या गटात ‘निष्क्रिय वाहक’ हा शब्द सर्रास वापरला जातो. निष्क्रिय म्हणजे आज निष्क्रिय, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

---

तिसरा_प्रहर

दुसऱ्या प्रश्नावर मी थोडा वेगळा सूर लावतो. कोअर पॉझिटिव्ह दिसला की लगेच गोळी, हे मला पटत नाही. जिथे मोठ्या लोकसंख्येत हा विषाणू पूर्वी पसरलेला आहे, तिथे अशी माणसं भरपूर निघतात. सगळ्यांना दीड-दोन वर्षं गोळी देण्यात अर्थ नाही. धोका औषधागणिक बदलतो.

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये उचल खाण्याच्या धोक्याच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. १०% हून जास्त, १ ते १०%, आणि १% हून कमी. अजूनही विचार करायला ती मांडणी सोयीची वाटते.

वरची पायरी: रिटुक्सिमॅब, ऑफाट्युमुमॅब, ओबिन्युटुझुमॅब यांसारखी बी पेशी संपवणारी औषधं. यात अँटिजेन निगेटिव्ह पण कोअर पॉझिटिव्ह माणूसही येतो. अँटिजेन पॉझिटिव्ह असेल तर डॉक्सोरुबिसिनच्या जातीची केमो आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १० मिग्रॅ किंवा जास्त, चार आठवडे किंवा अधिक.
मधली पायरी: टीएनएफ रोखणारी औषधं, टायरोसिन कायनेज रोखणारी औषधं. कोअर पॉझिटिव्ह माणसाला मोठ्या मात्रेत महिनाभर स्टेरॉइड.
खालची पायरी: मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन, सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, आठवडाभराच्या आतला गोळ्यांचा कोर्स.

वरच्या पायरीवर गोळी हवीच, वाद नाही. खालच्या पायरीवर कोअर पॉझिटिव्हला गोळी नको. मधल्या पायरीवर रुग्ण तपासणीला नियमित येणार असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी एसजीपीटी, डीएनए आणि सरफेस अँटिजेन बघत राहणं हा पुरेसा चांगला मार्ग आहे.

---

औदुंबर

तिसरा_प्रहर, मांडणी मान्य. फक्त ‘रुग्ण नियमित येणार असेल’ या चार शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे. दर वेळी डीएनएची तपासणी करणं, रिपोर्ट बघणारा माणूस ठरलेला असणं आणि वाढ दिसताच त्याच दिवशी गोळी सुरू होणं, या तिन्ही गोष्टी जमणार असतील तरच लक्ष ठेवण्याला अर्थ. एकही कडी निखळणार असेल तर मधल्या पायरीवरही मी गोळीच्या बाजूने.

स्टेरॉइडबद्दल एक भर. ते नुसता पहारा उठवत नाही. या विषाणूच्या डीएनएमध्ये स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा एक तुकडाच आहे, त्यामुळे स्टेरॉइड विषाणूच्या वाढीला थेट चालना देतं. केमोच्या प्रत्येक चक्रात उलटी थांबवायला दिलेलं डेक्सामेथासोनही हिशेबात धरावं. औषधांच्या यादीत त्याला कोणी ‘स्टेरॉइड’ म्हणून मोजतच नाही.

---

रानपाखरू

उशीर का होतो, हे समजून घेण्यासाठी घटनाक्रम बघू.

पहिला टप्पा: पहारा उठतो, विषाणू वाढतो. डीएनए शेकडो-हजारो पटींनी चढतो. या काळात रुग्णाला काहीही होत नाही आणि एसजीपीटीही नॉर्मल असतं, कारण हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही.

दुसरा टप्पा: दोन चक्रांच्या मधे किंवा उपचार संपल्यावर प्रतिकारशक्ती परतते. तिला यकृतभर पसरलेला विषाणू दिसतो आणि ती त्या पेशींवर तुटून पडते. एसजीपीटी उसळतं, मग बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा आणणारं द्रव्य) चढतं. नुकसान विषाणूपेक्षा या हल्ल्याने होतं. स्टेरॉइड झटकन बंद केल्यावर कावीळ दिसते ती याचमुळे.

तिसरा टप्पा: एकतर हळूहळू सुधारणा, नाहीतर यकृत निकामी.

पहिला आणि दुसरा टप्पा यांच्यात काही आठवड्यांचं अंतर असतं. वाचवण्याची संधी तेवढीच. कावीळ दिसल्यावर एन्टेकाव्हिर सुरू करणं म्हणजे वरातीमागून घोडं. ते द्यायचंच असतं, पण ते नवा विषाणू तयार होणं थांबवतं. सुरू झालेला हल्ला थांबायला वेळ लागतो आणि काही जणांकडे तेवढा वेळ नसतो. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.५ च्या वर गेला, किंवा माणूस पेंगायला, असंबद्ध बोलायला लागला, तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी बोलावं.

म्हणूनच ‘एसजीपीटी बघत राहू’ हे लक्ष ठेवणं नव्हे. ते धूर दिसायची वाट बघणं आहे.

---

सूक्ष्मदर्शी

कंदील, तुमच्या आकड्यांचं.

अँटिजेन पॉझिटिव्ह रुग्णात उचल म्हणजे खालीलपैकी एक:
– आधीच्या डीएनएच्या तुलनेत १०० पट वाढ;
– आधी डीएनए सापडतच नव्हता, आता १,००० युनिट प्रति मिली किंवा जास्त;
– आधीचा आकडाच हाताशी नाही आणि आता १०,००० किंवा जास्त.

अँटिजेन निगेटिव्ह, कोअर पॉझिटिव्ह रुग्णात डीएनए नव्याने सापडला किंवा सरफेस अँटिजेन परत पॉझिटिव्ह झाला की झालं. इथे आकड्याची वाट बघायची नाही.

यकृताला सूज आली असं म्हणायला एसजीपीटी मूळच्या तिप्पट आणि १०० च्या वर हवं.

रिपोर्ट ‘लॉग’मध्ये येतो तिथे गोंधळ उडतो. २ लॉग वाढ म्हणजे दुप्पट नव्हे, शंभरपट. २०० वरून २०,००० झालं की २ लॉग. आणि एक रिपोर्ट आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, दुसरा ‘कॉपीज’मध्ये असेल तर तुलना करू नका. एका युनिटमध्ये साधारण पाच-सहा कॉपीज धरतात, आणि हे प्रमाण मशीनगणिक बदलतं. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा.

---

दवबिंदू

जरा भाषेकडे वळतो. ‘पुनर्सक्रियता’ हा शब्द रुग्णासमोर उच्चारला की त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. ‘जुन्या काविळीने उचल खाल्ली’ म्हटलं की क्षणात कळतं. माहितीपत्रकांत हाच शब्द वापरावा.

---

उत्तरा

दवबिंदू, अगदी. ‘दबलेला’ हाही चांगला शब्द आहे. ‘बरा झालेला’ म्हटलं की माणूस पुढच्या डॉक्टरला सांगतच नाही.

---

शेवंती

गोळीचा तपशील कोणी दिलेला नाही म्हणून लिहिते.

एन्टेकाव्हिर ०.५ मिग्रॅ रोज एकदा. उपाशीपोटी, म्हणजे जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. अन्नाबरोबर घेतलं तर शोषण कमी होतं. रात्री झोपताना ही वेळ बहुतेकांना जमते. मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला ५० मिलीच्या खाली गेली की मात्रा कमी करायची: ३० ते ४९ असेल तर ०.५ मिग्रॅ दिवसाआड, त्याखाली आणखी अंतराने. ज्याने पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलंय आणि विषाणूला त्याची सवय झाली आहे, त्याला एन्टेकाव्हिर देऊ नये. तिथे टेनोफोव्हिर.

टेनोफोव्हिर दोन रूपांत मिळतं. जुनं डायसोप्रॉक्सिल ३०० मिग्रॅ, मूत्रपिंड आणि हाडांवर लक्ष ठेवून. नवं अ‍ॅलाफेनामाइड २५ मिग्रॅ, जेवणाबरोबर, मूत्रपिंडाला सौम्य. क्षयावर रिफॅम्पिसिन चालू असेल तर अ‍ॅलाफेनामाइड टाळा, रिफॅम्पिसिन त्याची रक्तातली पातळी पाडतं. सिस्प्लॅटिनसारखी मूत्रपिंडाला त्रास देणारी केमो असेल तर डायसोप्रॉक्सिलपेक्षा एन्टेकाव्हिर किंवा अ‍ॅलाफेनामाइड बरं.

आणि हे विसरू नका: गोळीआधी एचआयव्ही तपासा. एन्टेकाव्हिर एचआयव्हीवर अर्धवट काम करतं. एचआयव्ही असताना एकटंच दिलं तर एचआयव्हीची औषधं निकामी करणारे बदल विषाणूत घडू शकतात.

गोळी केमोच्या आधी, निदान त्याच दिवशी सुरू व्हावी. डीएनएचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी काढून ठेवा. रिपोर्टसाठी केमो अडवून ठेवायची गरज नाही.

---

तिसरा_प्रहर

शेवंतीताई, छान तपशील. पण लॅमिव्हुडिन अगदीच मोडीत काढू नये. छोट्या कोर्ससाठी, आणि डीएनए शून्य असलेल्या कोअर पॉझिटिव्हसाठी ते पुरतं असं मानणारे आहेत.

---

शेवंती

छोट्या कोर्सबद्दल समजू शकते. पण ‘छोटा’ राहील याची खात्री कोण देणार? आजार उलटला की दुसरी केमो, मग तिसरी. चालू संसर्गाच्या रुग्णांत लॅमिव्हुडिन एकटं दिलं तर पहिल्या वर्षात सुमारे २०% जणांत विषाणू त्याला दाद देईनासा होतो आणि पाच वर्षांत सुमारे ७०% जणांत. आणि तशा विषाणूवर पुढे एन्टेकाव्हिरही लंगडं पडतं.

सरळ तुलनाही झालेली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिटुक्सिमॅबसह केमो घेणारे लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) १२१ अँटिजेन पॉझिटिव्ह रुग्ण होते. विषाणूने उचल खाल्ली ती लॅमिव्हुडिन गटात ३०% जणांत, एन्टेकाव्हिर गटात ६.६% जणांत. विषाणूमुळे यकृताला सूज आली १३.३% विरुद्ध शून्य. एवढा फरक समोर असताना मी लॅमिव्हुडिनकडे वळणार नाही. दुसरं काहीच मिळत नसेल, तर मात्र काहीच न देण्यापेक्षा तेही द्यावं.

---

तिसरा_प्रहर

अँटिजेन पॉझिटिव्ह गटासाठी हा मुद्दा निर्विवाद. मागे घेतो.

---

निवांत

सुरू कधी करायची यावर बोलणं झालं, बंद कधी करायची यावर नाही. आणि खरी पडझड तिथेच होते.

साधी केमो किंवा स्टेरॉइड असेल तर शेवटच्या डोसनंतर निदान सहा महिने. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१७ मध्ये बारा महिने म्हटलं. रिटुक्सिमॅबच्या जातीसाठी निदान बारा महिने, युरोपीय सूचनांप्रमाणे अठरा. एवढं लांब का? कारण शेवटच्या सलाइननंतरही बी पेशी परतायला सहा ते बारा महिने जातात. त्यामुळे उचल खाण्याची मुदत उपचार संपल्यावरही पुष्कळ उरते.

गोळी थांबवल्यावर आणखी वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी. कारण गोळी थांबवणं हीसुद्धा एक ठिणगी आहे.

ज्याचा डीएनए उपचाराआधीच जास्त होता किंवा ज्याला सिरॉसिस आहे, त्याच्या बाबतीत ही ‘संरक्षक’ गोळी नाही. तो त्याच्या काविळीचा उपचार आहे आणि तो केमोच्या कॅलेंडरवर चालत नाही. केमो संपली म्हणून त्याची गोळी थांबवली तर अनर्थ होईल.

---

उत्तरा

निवांत यांच्या प्रतिसादाला धरून एक अगदी कागदी सूचना. गोळी बंद होते ती बहुतेक वेळा कोणी ठरवून नाही. केमोची चक्रं संपतात, शेवटच्या चिठ्ठीत उलटीची गोळी, पित्ताची गोळी आणि एन्टेकाव्हिर एकाखाली एक असतात, महिन्याचा साठा संपतो आणि सगळ्याच एकदम थांबतात.

म्हणून एन्टेकाव्हिर नेहमी वेगळ्या ओळीत, कारणासह लिहावी: ‘हिपॅटायटिस बी कोअर पॉझिटिव्ह, रिटुक्सिमॅबसाठी संरक्षण. शेवटचं सलाइन अमुक तारखेला. त्यानंतर १८ महिने चालू. विचारल्याशिवाय बंद करू नये.’ हाच मजकूर डिस्चार्ज कार्डावर आणि रुग्णाच्या फोनमध्येही असावा. शेवटच्या सलाइनची तारीख बदलली तर थांबवण्याची तारीखही बदला. आजार उलटून रिटुक्सिमॅब परत लागलं की मोजणी पहिल्यापासून.

---

जलतरंग

हिपॅटायटिस सी चंही असंच होतं का? त्यावर आता गोळ्यांनी बरं होता येतं ना?

---

सूक्ष्मदर्शी

सी हा आरएनए विषाणू. तो केंद्रकात वर्तुळ लपवून ठेवत नाही. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर तो खरोखर गेलेला असतो. उपचार न झालेल्या रुग्णात केमोमुळे त्याचा आकडा चढू शकतो, पण यकृत निकामी होण्याचं प्रमाण बीच्या मानाने फार कमी.

उलट, सी वरच्या गोळ्यांनीच बी जागा होऊ शकतो. एकाच यकृतात दोघं असतील तर सी बहुधा बीला दाबून ठेवतो. सी काढून टाकला की बीला मोकळं रान. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये या गोळ्यांवर चौकटीतली सूचना लावली. तोवर त्यांच्याकडे अशा २४ नोंदी आल्या होत्या, त्यांत दोन मृत्यू आणि एक यकृत प्रत्यारोपण. रिटुक्सिमॅब आणि ऑफाट्युमुमॅबवर तशी चौकट सप्टेंबर २०१३ मध्येच लागली होती. लक्षात घ्या, सी च्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबत नाहीत. तरीही त्याआधी बीच्या तपासण्या लागतात.

---

मृदगंध

हिपॅटायटिस ई चीही नोंद असू द्या. तो दबून बसणारा नाही, पण मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या माणसात तीन महिन्यांहून जास्त ठाण मांडू शकतो. तिथे अँटीबॉडीची तपासणी फसवते, आरएनएच बघावा लागतो. आधी टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची मात्रा कमी करून पाहतात. तेवढ्याने सुमारे एक तृतीयांश रुग्णांत विषाणू जातो. नाही गेला तर रिबाव्हिरिन तीन महिने.

---

रानपाखरू

नागीणही दबलेल्या विषाणूचीच. पण तो नसांच्या गाठीत राहतो आणि त्याची लस, औषधं सगळंच निराळं. तिच्यासाठी वेगळा धागा काढू, नाहीतर इथे सरमिसळ होईल.

---

कंदील

मला एक शंका आहे. सरफेस अँटीबॉडी भरपूर असेल, समजा ५०० च्या वर, तर कोअर पॉझिटिव्ह असूनही धोका नाही असं धरता येईल का?

---

निवांत

धोका कमी होतो, संपत नाही. आणि रिटुक्सिमॅब ज्या बी पेशींना संपवतं, अँटीबॉडीचा कारखाना त्यांच्याच पुढच्या पिढीतून भरत असतो. आज ५०० असलेला आकडा वर्षभराने १० च्या खाली दिसू शकतो. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेल्यांत तर अँटीबॉडी हळूहळू ओसरते आणि काही वर्षांनी अँटिजेन परत पॉझिटिव्ह होतो. तेव्हा वरच्या पायरीवर अँटीबॉडी बघून गोळी गाळू नये. मधल्या पायरीवर तिचा विचार जरूर करावा.

---

सायली_ग

रिपोर्टचा दोष नसताना निदान चुकतं त्याबद्दल दोन शब्द. उपचार चालू असताना एसजीपीटी ३०० झालं की पहिला संशय औषधावर जातो: मेथोट्रेक्सेट, क्षयाची औषधं, केमो. औषध थांबवतात आणि दोन आठवडे वाट बघतात. ते दोन आठवडे परत मिळत नाहीत. एसजीपीटी चढल्याच्या दिवशीच सरफेस अँटिजेन आणि डीएनए पाठवा, मग हवं तर औषध थांबवा.

कर्करोगावरच्या नव्या इम्युनोथेरपीत हा पेच आणखी अवघड आहे. तिथे यकृताची सूज हा त्या औषधाचाच परिणाम असू शकतो आणि त्यावर उपचार म्हणून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देतात. मूळ कारण बी असेल तर आगीत तेलच. स्टेरॉइडची पहिली मात्रा देण्याआधी डीएनएचा नमुना काढलेला हवा.

आणखी एक: उचल खाल्लेल्या अवस्थेत कोअर आयजीएमही पॉझिटिव्ह येऊ शकतं. त्यावरून ‘नवा संसर्ग झाला’ असा शेरा पडतो आणि सुई कुठून लागली याचा शोध सुरू होतो. विषाणू बाहेरून आलेला नसतो.

---

दवबिंदू

तिन्ही निगेटिव्ह असलेल्यांच्या लसीचं राहिलं. रिटुक्सिमॅबनंतर लस दिली तर अँटीबॉडी तयारच होत नाही, बी पेशी नसतात. शक्य तर उपचाराआधी सुरुवात करावी. प्रतिकारशक्ती आधीच कमी असेल तर दुप्पट मात्रा देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी १० च्या वर गेली का ते तपासतात. लसीसाठी लिम्फोमाची केमो मात्र लांबवू नये.

अँटिजेन पॉझिटिव्ह निघालेल्याच्या घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या आणि लस, हेही त्याच आठवड्यात.

---

औदुंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नावर एकमत दिसतंय, दुसऱ्यावर ‘औषध कोणतं आणि लक्ष ठेवण्याची व्यवस्था किती पक्की’ यावर ठरवायचं, असं मी घेतो. तिसरा_प्रहर यांची पायऱ्यांची मांडणी आणि सायलीताईंचा आयजीएमचा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीला जोडायला संपादकांना विनंती करतो.

आता एक उरलेला प्रश्न, धाग्याच्या शीर्षकातलाच. फक्त अँटिजेन बघून रिटुक्सिमॅबची दोन-तीन सलाइनं होऊन गेली आहेत आणि आता लक्षात आलं की कोअर तपासलीच नव्हती. अशा वेळी काय करावं?

---

सूक्ष्मदर्शी

आजच नमुना पाठवा, पुढच्या सलाइनची वाट बघू नका. पण आता नुसती कोअर पुरणार नाही. रिटुक्सिमॅबमुळे अँटीबॉडी उतरून ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मधल्या काळात इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर खोटी पॉझिटिव्ह. म्हणून कोअर, सरफेस अँटिजेन आणि डीएनए तिन्ही एकदम.

उपचाराआधीच्या रक्ताचा सीरम लॅबने गोठवून ठेवला असेल तर त्यावरच कोअर करून घ्या. ते सगळ्यात खात्रीचं. रक्तपेढीत किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या कागदात आधीचा रिपोर्ट असेल तर तोही शोधा.

कोअर पॉझिटिव्ह, डीएनए शून्य: गोळी त्याच दिवशी, रिटुक्सिमॅब चालू ठेवता येतं.
डीएनए सापडला: गोळी ताबडतोब, यकृततज्ज्ञांचा सल्ला, आणि पुढचं सलाइन त्यांच्याशी बोलल्याखेरीज नाही.
सगळं निगेटिव्ह पण पूर्वी संसर्ग झाल्याची दाट शक्यता, म्हणजे आई किंवा भावंडं पॉझिटिव्ह: मी तरी गोळी सुरू करण्याच्या बाजूने.

---

शेवंती

सूक्ष्मदर्शींच्या उत्तराला जोड: रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस वर्षापूर्वी होऊन गेला असला, तरी हीच तपासणी करावी. अठरा महिन्यांची मुदत अजून संपलेली नसते.